कोल्हापूर, दोन दिवस: आपली गाडी काढावी की महालक्ष्मी पकडावी?

कोल्हापुरात शिकून पुढे पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याकडे आलेली मंडळी भेटली की 'एकदा शनिवार-रविवार जाऊन येऊ या' इथपर्यंत पटकन एकमत होतं. मग कोणीतरी विचारतं, 'गाडीनं की रेल्वेनं?' आणि बेत तिथंच गाळात रुततो. मी दोन्ही करून पाहिलंय. २०२४च्या दिवाळीनंतर बायको आणि मुलीला घेऊन स्वतःच्या गाडीनं गेलो, आणि यंदा फेब्रुवारीत एकटा, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. एकदा कुटुंब, एकदा सडाफटिंग, त्यामुळे तुलना अगदी सोळा आणे न्यायाची नाही, हे आधीच कबूल करतो.

मी शिवाजी विद्यापीठाचा, १९९६ ते १९९८. राहायला राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, कॉट बेसिसवर. आता डोंबिवलीत. हे सांगितलं कारण पुण्याहून जाणाऱ्याचं गणित वेगळं आहे. अंतर बरंच कमी होतं, शिवाय सप्टेंबर २०२४पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारतही आहे. ती रोज नाही, आठवड्यातले वार बघून घ्यावे लागतात.

पैशाचं थोडक्यात: चौघं असाल तर गाडी परवडते. एकटे असाल तर डिझेल आणि टोलचा हिशोब मांडूच नका, उगाच मनस्ताप.

गाडीच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ आहे. पहाटे चारला निघालो, खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत उजाडलं, साताऱ्याच्या अलीकडे चहा झाला. वाटेल तिथं थांबा, कंदी पेढे घ्या, डिकीत मावेल तितका गूळ परत आणा. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे दर थोड्या वेळानं हमरस्त्यावरून सेवा रस्त्यावर उतरावं लागलं आणि सात तासांचा प्रवास नऊवर गेला. पण त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. रस्ता होतोय, कधीतरी होईल. हमरस्ता सोडून शहरात वळताना तावडे हॉटेलपाशी डावी-उजवी चुकली नाही याचाच मला अभिमान वाटत होता. खरी कटकट शहरात शिरल्यावर सुरू झाली.

शनिवारी संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. हॉटेल ताराराणी चौकाजवळ घेतलेलं. का? तर तिथं गाडी लावायची सोय होती. बिंदू चौकात पार्किंग भरलेलं. पुढे जा म्हणाले, गेलो. पुढे एकेरी रस्ता. तो जिथं सोडेल तिथं बाहेर पडलो, परत वळलो, परत तोच चौक. ज्या गल्ल्यांतून मी सायकल हातात धरून उलटसुलट हिंडलोय, त्याच गल्ल्या मला शिटी मारून हाकलत होत्या. तीन फेऱ्यांनंतर दसरा चौकाच्या मैदानात जागा मिळाली. तोवर मुलगी मागं झोपून गेलेली. तिला खांद्यावर टाकून एवढं चालणं शक्य नव्हतं म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "पावनं, गाडी न्हाई व्हय आणली?" मी म्हटलं, आणलीय, ती लावून आलो. तो पुढं काही बोलला नाही. कोल्हापूरचा माणूस गप्प बसतो म्हणजे केवढं झालं!

तरी हे एक संध्याकाळचं झालं. असा प्रसंग कोणत्याही गावात येतो, त्यावरून निकाल देणं बरोबर नाही. माझा निकाल लागला तो रात्री.

जेवण झाल्यावर माझा तेव्हाचा रूम पार्टनर भेटला. आता तो तिथंच स्थायिक आहे. भेटल्या भेटल्या म्हणाला, "गाडी कशाला आणलास? पोरगी बघायला आलास काय?" बायको आणि मुलगी हॉटेलवर झोपायला गेल्या, आम्ही दोघं गाडीनं रंकाळ्यावर. चौपाटीच्या बाजूला गाडी लावली, भेळ खाल्ली, गप्पा रंगल्या. पार्टनर उठला आणि जुन्या सवयीनं चालायला लागला. "चल की, गंगावेशीतनं पंचगंगेच्या घाटावर जाऊ. तिथनं शिवाजी पूल." मी दहा पावलं गेलो आणि थांबलो. गाडी? गाडी रंकाळ्यावर. घाटावरून परत इथंच यायचं. मग मिरजकर तिकटीकडे जाऊ म्हणाला. तिथूनही परत इथंच. त्या रात्री आम्ही ठरवलेल्या प्रत्येक वाटेचं दुसरं टोक माझ्या गाडीच्या चाकाला बांधलेलं होतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात ना, समोर धार काढून पेला हातात देतात, तशी माझी गत. दावं जेवढं लांब तेवढंच हिंडायचं.

कॉलेजात असताना आमचं चालणं कधीच गोल नव्हतं. राजारामपुरीतून निघायचं, बागल चौक, उमा टॉकीज, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, आणि पाय नेतील तिथं. रात्री बाराला रंकाळ्यावर असलो तर रंकाळ्यावर. परतीचं कोणाच्या तरी सायकलवर डबलसीट, नाहीतर पायी. कुठंतरी परत जायचंय म्हणून पाय वळवले असं आठवत नाही. कोल्हापूर मुळात या मापाचं गाव आहे. पेठा एकमेकींना खेटून, चौक हाकेच्या अंतरावर. अशा गावात गाडी लावून ठेवली की गाव लहान होत नाही, आपणच लहान होतो. कोणाला हे फार नाजूक दुखणं वाटेल. मला मात्र ते दोन दिवस बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. काहीही ठरवायचं म्हटलं की वाक्याच्या शेवटी 'पण गाडी?'

एक उदाहरण देतो. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४च्या ऑगस्टमध्ये जळालं, त्याच्या तीनच महिन्यांनी मी तिथून गाडी घेऊन गेलो आणि मला ते दिसलंच नाही. डोळे पुढच्या मोपेडवर होते. यंदा फेब्रुवारीत पायी गेलो तेव्हा थांबलो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर ते हेच. शेजारी १९१२चं खासबाग कुस्ती मैदान. आम्ही इथं एकांकिका स्पर्धा बघायला यायचो, तिकिटाला पैसे नसले की मागच्या बाजूनं आत शिरायचो. मी गेलो तेव्हा काम चालू होतं. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाच-दहा मिनिटं नुसता बघत होतो. गाडीत असतो तर मागून हॉर्न वाजला असता.

आता रेल्वेचं. तीही काही सुखाची शय्या नाही. तिकीट साठ दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार रात्रीचं भराभर संपतं. मला साइड लोअर मिळाली, म्हणजे पाय दुमडून झोपणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी गुडघ्याला लागणं. शौचालयाबद्दल लिहीत नाही. ऑफिस संपवून रात्री नऊनंतर कल्याणला चढलो. डबा उघडला, शेजारच्या काकांनी न विचारता लोणचं पुढे केलं, आणि पुण्याच्या आधीच झोप लागली. गाडी चालवून थकलेला माणूस आणि बर्थवर कशीबशी झोपलेला माणूस यांत दुसरा सकाळी जास्त ताजा असतो, निदान पन्नाशीच्या आसपास.

मिरजेला जाग आलीच. तिथं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेनं निघते. अर्धवट झोपेत वाटतं, परत मुंबईला चाललो की काय. पहिल्या वर्षी मी खरंच घाबरून शेजाऱ्याला विचारलं होतं. मग कृष्णा, जयसिंगपूर, हातकणंगले, दोन्ही बाजूंना ऊस. रुकडीपाशी पंचगंगा ओलांडली की वळिवडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. इथं लहानाची मोठी झालेली काहीजणं नंतर म्हातारपणी पुन्हा हे गाव बघायला आली होती. शिकत असताना मला यातलं काही माहीत नव्हतं, वळिवडे म्हणजे फक्त 'आता उतरायची तयारी करा'.

सकाळी साडेसात-आठला स्टेशनात उतरलो तेव्हा एक अडचण होतीच. लॉजची खोली दुपारी बाराला मिळणार. मुंबईत ही अडचण ठरली असती. इथं बॅग लॉजच्या काउंटरवर टाकली आणि पार्टनर स्कूटर घेऊन हजर. मागं बसलो, परीख पुलाखालून राजारामपुरीत. नववी गल्ली बघितली. आमच्या खोलीच्या जागी आता दवाखाना आहे. मग कसबा बावड्याला मिसळ. तर्री अंगावर आली, डोळ्यांत पाणी, आणि पार्टनर म्हणतो, "मुंबईत जाऊन पार गेलास की रे तू कामातनं." स्कूटरवर मागं बसलं की गाव दोन्ही बाजूंनी बघता येतं, हे मी विसरलो होतो. चालवणाऱ्याला ते सुख नसतं.

विद्यापीठात मात्र कबूल करतो, गाडी असती तर बरं झालं असतं. आवार साडेआठशे एकरांचं. आमचा विभाग, ग्रंथालय, मग सायबर चौकाकडे परत, उन्हात पाय बोलायला लागले. फेब्रुवारीतच ही गत, एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी विचार करावा.

राहण्याचाही फरक पडतो. गाडीनं गेलात की हॉटेल पार्किंग बघून निवडता, आणि ती बहुतेक हमरस्त्याच्या बाजूला. रेल्वेनं गेलात की शाहूपुरीत कुठंही पाठ टेकता येते, स्टेशन आणि सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, दोन्ही पायाखाली.

पावसाळ्यात यातलं काहीच करू नका असं मी म्हणेन. जुलै २०१९मध्ये वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती ती हीच महालक्ष्मी, हजारावर प्रवासी होते. आणि पंचगंगा चढली की शिरोलीजवळ हमरस्ताही बंद पडतो, २०१९ला पडला, २०२१ला पडला. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा वाद बाजूला ठेवावा.

सोबत वयस्कर माणसं असतील, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी असा बेत असेल, तर निमूट गाडी काढा. सासूबाईंना स्कूटरवर मागं बसवून पन्हाळ्याला नेता येत नाही. मुलीला 'बाबा इथं शिकले' एवढंच दाखवायचं असेल तरी गाडीच बरी. काचेतून दाखवता येतं, तिला तेवढं पुरतं. पण तुम्हाला स्वतःलाच जायचं असेल, एखादा जुना गडी तिथं अजून राहत असेल आणि रात्री उशिरापर्यंत कुठंही न पोचता चालायची हौस उरली असेल, तर मी तरी स्टिअरिंग हातात घेणार नाही. रविवारी रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान परतीची महालक्ष्मी सुटते. सोमवारी सकाळी कल्याण, आंघोळ, ऑफिस. डोळे जडावतात, पण गुडघे दुखत नाहीत.

यंदा त्या शनिवारी रात्री आम्ही घाटावर गेलो. तिथून शिवाजी पुलावर. पुलावर दीड वाजला. परतायला रिक्षा मिळेना, तशी मिळायची घाईही नव्हती. पार्टनरनं स्कूटर संध्याकाळीच घरी लावली होती, मुद्दाम.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. सध्या वेटिंग अकरा. गाडीची पीयूसी गेल्या महिन्यात संपली, ती अजून केलेली नाही.