मैत्रीवर नेलेली आगोट: वेंगुर्ल्यातलं बिनपाटीचं दुकान

वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळीकडे वळायच्या आधी हे दुकान लागतं. पाटी नाही. दारात सुपात वाळत टाकलेल्या मिरच्या आणि आत काकी, एवढीच खूण. मी जनरेटर मेकॅनिक. अंटार्क्टिकात भारताच्या 'मैत्री' केंद्रावर हिवाळी तुकडीत राहून आलो, आणि त्या वर्षाची माझी आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवतात ती मसाला-सुक्या मासळीची बेगमी, इथूनच भरली होती.

कुठे चाललोय ते सांगितल्यावर काकी म्हणाल्या, "थंय जवळो गावत नाय?" जवळो म्हणजे जवळा, सुकवलेली बारीक कोळंबी. म्हटलं, काकी, थंय माशाचो वासय नाय. मैत्री १९८९ पासून शिर्माकर ओअॅसिसच्या खडकावर उभी आहे. जहाज लागतं ते बर्फाच्या कडेला, तिथून शंभरेक किलोमीटर सामान ओढून आणायचं. केंद्रासमोर प्रियदर्शिनी तलाव आहे, पिण्याचं पाणी त्यातलंच. पण त्यात मासा औषधालाही नाही. काकींनी गुपचूप पाव किलो जवळा जादा घातला. पैसे मात्र घेतले.

मालाला नाव ठेवायला जागा नाही. मालवणी मसाल्याचा शेवटचा पुडा दहाव्या महिन्यात फोडला तरी ठसका लागला. अर्थात थोडं श्रेय तिथल्या कोरड्या हवेचं. आपल्याकडे जुलैत मिठाचं पाणी होतं, तिथे पापड सुद्धा मऊ पडत नाही. आंबापोळी मात्र चामड्यासारखी झाली. जनरेटरच्या खोलीत उबेला ठेवून खाल्ली.

खरी कमाल आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची. बाटली बाहेरच्या कंटेनरात विसरलो होतो, उणे वीसच्या आसपास. शेजारचा पाण्याचा कॅन दगड झालेला, आणि आगळ काकवीसारखं संथ, पण वाहतं! काकी मीठ हात राखून घालत नाहीत, त्याचा हा पुरावा. २१ जूनला, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, सगळी केंद्रं मेजवानी करतात. त्या रात्री नारळाच्या दुधाची पावडर भिजवून पंचवीस जणांना सोलकढी दिली. लुधियानाच्या डॉक्टरांनी तीन पेले घेतले आणि नंतर विचारलं, हे औषध आहे की सरबत?

जवळ्याची गोष्ट वेगळी. मैत्रीवर मे अखेरीपासून साधारण दोन महिने सूर्य उगवतच नाही. म्हणजे इकडे पावसाळ्यात मासेमारी बंद, तिकडे सूर्य बंद. अशाच एका काळोख्या दुपारी तव्यावर मूठभर जवळा भाजायला घेतला. पाच मिनिटांत तिघे जण माझ्याच जनरेटरकडे धावले, वायर जळतेय म्हणून. तिथे आगीला सगळे थंडीपेक्षा जास्त घाबरतात. पुढे जवळा भाजायचा तर आधी सगळ्यांना सांगायचं, असा नियमच झाला. पण कांदा-कोकम घालून केलेलं सुकं ताटात आल्यावर त्या तिघांनीच आधी वाढून घेतलं.

आता तक्रारी. लोणच्याच्या बरणीचं झाकण ढिलं होतं. जहाजाच्या हेलकाव्यांत तेल सांडलं आणि कुळथाच्या पिठाची एक पिशवी गेली. त्या पिठीची हळहळ अजून आहे. उलट मसाल्याला एकात एक तीन प्लास्टिकच्या पिशव्या. तिथे कचरा टाकता येत नाही, १९९१ च्या माद्रिद करारानुसार तो परत आणावा लागतो. काकींच्या पिशव्या वर्षभर वेगळ्या करून बांधत बसलो. आणि पुड्यांवर तारीख नसते, नुसतं पेनाने 'चैत' लिहिलेलं असतं. कुठल्या वर्षीचा चैत, ते काकींनाच ठाऊक.

पाचपैकी चार. बरणी नीट बंद केली असती तर पाच दिले असते. उधार मिळत नाही, सुटे घेऊन जा. जास्त माल हवा असेल तर एप्रिलातच सांगून ठेवा. पाऊस लागला की काकी नवं काही वाळवत नाहीत. माझा एक मित्र यंदा अंटार्क्टिकातल्याच, पण समुद्रकाठच्या 'भारती' केंद्रावर चाललाय, त्याच्यासाठी दोन किलो मसाला आणि चार बाटल्या आगळ सांगून आलोय. त्याला निदान खिडकीतून समुद्र दिसेल. जवळा नको म्हणाला, पण मी घातलाय.