घराचा नकाशा स्वतःच काढला : स्वीट होम थ्रीडी, आठ महिन्यांनंतर

मी आर्किटेक्ट नाही, इंजिनिअरही नाही. राहत्या घरात एक भिंत हलवायची होती, बाथरूम थोडं वाढवायचं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक कारागिराला हातवारे करून तेच तेच समजावण्याचा कंटाळा आला होता. म्हणून मापांसकट नकाशा काढून देईल असं सोपं सॉफ्टवेअर शोधायला बसलो.

आधी ब्राउझरमध्ये चालणारं एक घेतलं. नाव लिहीत नाही. अर्ध्या तासात घर इतकं देखणं दिसायला लागलं की घरच्यांना हाका मारून दाखवलं. मापांसकट छापायला गेलो तर वर्गणी मागितली. ती एक वेळ भरलीही असती, पण भिंतीची जाडी आपल्याला हवी तेवढी टाकायची सोयच सापडेना. तिथेच सोडलं. मग लिब्रेकॅड. फुकट, हलकं, डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या फाइलचा एक प्रचलित प्रकार) फाइल उघडतं. पण त्याच्या लेखी रेघ म्हणजे रेघ; ती भिंत आहे हे त्याला ठाऊक नसतं. दार हवं तर रेघ तोडा, दार कसं उघडतं ते दाखवणारा कंस काढा, लेयर म्हणजे ड्रॉइंगचे थर सांभाळा. ज्याला रोज ड्रॉइंग करायचं आहे त्याने जरूर शिकावं, मला एकच घर काढायचं होतं.

स्वीट होम थ्रीडी फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि स्क्रीनचे चार भाग एकदा बघितले की कळतात : डावीकडे सामानाची यादी आणि तिच्याखाली घरात ठेवलेल्या वस्तू, उजवीकडे वर नकाशा, खाली त्याचंच थ्रीडी. वर भिंत ओढली की खाली उभी राहते. दार उचलून भिंतीवर सोडलं की भिंत आपसूक कापली जाते. खोली काढायचं साधन निवडून चारी भिंतींच्या आत डबल-क्लिक केलं की खोली तयार होते आणि तिचं क्षेत्रफळही दिसतं. इथपर्यंत पहिल्याच संध्याकाळी पोचलो.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. टेप लावून खोली आतून ३०० सेंटीमीटर भरली, मी भिंत ३०० ची काढली, जाडी २० दिली. आत पलंग, कपाट ठेवायला गेलो तर बसेना. पुन्हा टेप लावला, ३०० च. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तासभर गेला : भिंतीची लांबी तिच्या मध्यरेषेवर मोजली जाते. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत १०-१० सेंटीमीटर आत गेले आणि खोली उरली २८० ची. आता आतल्या मापात दोन्ही बाजूंच्या भिंतींची अर्धी-अर्धी जाडी मिळवूनच आकडा टाकतो. एका बाजूला २० ची बाहेरची भिंत, दुसऱ्या बाजूला १० चं पार्टिशन असेल तर ३१५. भिंत ओढता ओढता एंटर दाबलं की लांबी टाइप करता येते, माउसने नेम धरत बसावं लागत नाही. हे मला दोन आठवड्यांनी समजलं, तोवर हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून काम चालू होतं.

दुसरी चूकही माझीच. सगळे कोपरे काटकोनात आहेत असं गृहीत धरलं. सॉफ्टवेअरही रेघ सरळ कोनाकडे ओढून घेतं, त्यामुळे कागदावर सगळं आलबेल. फक्त शेवटची भिंत पहिलीला भिडेना. शेवटी खोलीचे दोन्ही कर्ण मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा ७ सेंटीमीटर मोठा. घरच तिरकं होतं, इतकी वर्षं पत्ता नव्हता! विंडोजवर अल्ट दाबून धरलं की ही ओढ सुटते आणि भिंत आहे तशी तिरकी काढता येते. नकाशा काढणार असाल तर चार बाजूंबरोबर कर्णही त्याच दिवशी मोजून ठेवा.

माप बदललं तर काय होतं, हे कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना पहिल्या तासातच करून बघा. इथे भिंत सरकवली तर जोडलेल्या भिंती सोबत येतात. दारंखिडक्या, मापाच्या रेषा आणि खोलीचा रंगवलेला आकार मात्र जागच्या जागी राहतात. भिंत हलवली की माप पुसून पुन्हा काढायचं, हा नियम मी स्वतःला घालून घेतला, कारण एकदा जुनं माप तसंच राहून छापलं गेलं. सुताराने बघताक्षणी पकडलं. आणि एक, भिंती पक्क्या झाल्या की मूळ नकाशाला कुलूप लावायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर टेबल ओढायला जावं आणि हातात भिंत यावी.

छापताना स्केल १:५० ठेवतो, म्हणजे कागदावरचे २ सेंटीमीटर म्हणजे घरातला १ मीटर. ए-फोर आडवा धरला तर ११ बाय ८ मीटरचं घर आरामात मावतं. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ची खूण राहिली तर मात्र स्केलचे बारा वाजतात. सुताराच्या हाती पट्टी असते आणि तो ती लावतोच.

थ्रीडीतले फोटो छान येतात, पण वरच्या दर्जाचा एक फोटो काढायला माझा जुना लॅपटॉप पंखा घरघरवत बसतो. दिशा नीट लावली तर ठरावीक वेळी ऊन कुठून येईल तेही दिसतं; त्यावरून आम्ही अभ्यासाचं टेबल हलवलं. नळाच्या आणि वायरिंगच्या रेषा मी तुटक रेघांनी काढल्या. काम भागलं, पण हे त्याचं क्षेत्र नव्हे. बांधकामाच्या परवानगीचा नकाशा किंवा बीम-कॉलमचा हिशेब यातून काढायचा विचारही करू नका. आर्किटेक्टला मी पीडीएफ दिली, तिने तिच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्याने काढलं. माझी मापं तेवढी तिला आयती मिळाली.

बाथरूमचं दार उघडताना बेसिनला अडतंय, हे नकाशातल्या दाराच्या कंसावरून प्लंबरने दाखवलं. दारावर डबल-क्लिक करून आरशातल्यासारखं उलटं करायची खूण केली, दार दुसऱ्या बाजूला उघडायला लागलं. तेव्हा भिंतीवर टाइल अजून लागायच्या होत्या.