डीमार्क आठ महिने वापरल्यानंतर: माझ्या मेल स्पॅममध्ये का जात होत्या

"तुमचं कोटेशन आलंच नाही, म्हणून दुसऱ्यांना काम दिलं." एका जुन्या क्लायंटचा हा फोन आला तेव्हा मी सेंट फोल्डर उघडला. मेल वेळेवर गेली होती. त्यांनी स्पॅममध्ये शोधलं, तर तिथे माझ्या एक सोडून तीन मेल पडलेल्या. मी भाषांतराची कामं करते, कोटेशन आणि बिलं सगळी माझ्या स्वतःच्या डोमेनवरून जातात, त्यामुळे हे फार लागलं. त्यानंतर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवावी याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) हे तिन्ही नीट लावून घेतले. त्याला आता आठ महिने झाले.

सुरुवातीला मी मेलचा मजकूर बदलत बसले होते. विषयातले 'मोफत' वगैरे शब्द काढले, सहीतला लोगो काढला, लिंक काढल्या. काडीचा फरक पडला नाही. मग स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवून 'शो ओरिजिनल' (मेलची तांत्रिक माहिती) उघडलं. एसपीएफसमोर 'पास'ऐवजी 'पर्मएरर', म्हणजे नोंदच चुकीची. डीकेआयएम आणि डीमार्कच्या ओळीच नाहीत. मजकुराचा संबंधच नव्हता. ही मेल खरोखर माझ्याच डोमेनची आहे, हे समोरच्या सर्व्हरला कळायला काही मार्ग नव्हता.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे असतात तिथे, बघितलं तर एसपीएफच्या दोन नोंदी. एक मेल होस्टिंगवाल्यांनी दिलेली, दुसरी बिलांचं सॉफ्टवेअर घेताना त्यांच्या सूचनेवरून मी चिकटवलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन सापडल्या की सर्व्हर त्यातली एक निवडत नाही, चूक धरून मोकळा होतो. म्हणून दोन्हींतले 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारे भाग) एका ओळीत आणले, तरी पर्मएरर जाईना! कारण एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त 10 डीएनएस लुकअप (नोंदींच्या चौकश्या) चालतात आणि प्रत्येक इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात. माझे 12 भरत होते. कधीच बंद केलेल्या एका सेवेची नोंद उडवली, तेव्हा 9 वर आले.

डीकेआयएमला एवढा त्रास झाला नाही. फक्त 2048 बिटची की (सही पडताळायची किल्ली) लांब असते, डीएनएसच्या एका स्ट्रिंगमध्ये 255 अक्षरंच बसतात, आणि माझ्या पॅनेलने काही न सांगता तिचं शेपूट कापलं होतं. दोन तुकड्यांत टाकली आणि पास झाली. तुम्ही की चिकटवली असेल तर सेव्ह केल्यावर परत उघडून शेवटची अक्षरं जुळवून बघा.

खरी किंमत मात्र मला डीमार्कच्या अहवालांची वाटते. नोंदीत पत्ता दिला की मोठमोठे मेल सर्व्हर बहुतेक रोज एक्सएमएल फाइल पाठवतात: तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल आल्या, काय पास झालं, काय फेल. नुसत्या डोळ्यांनी त्या वाचवत नाहीत, त्यामुळे मी अहवालांचा तक्ता करून देणारी सेवा घेतली. दुसऱ्याच आठवड्यात एक ओळ दिसली: बिलांच्या सॉफ्टवेअरचा आयपी, एसपीएफ पास, डीमार्क फेल. दोन दिवस काही उमगेना. मग कळलं, एसपीएफ बघतं ते रिटर्न पाथमधलं (न पोचलेली मेल परत येते त्या पत्त्यातलं) डोमेन, आणि तिथे त्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं डोमेन होतं. डीमार्क विचारतं की हे डोमेन 'फ्रॉम'मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळतं का. ते जुळत नव्हतं. म्हणजे मी चिकटवलेली ती दुसरी नोंद कधी उपयोगी पडलीच नव्हती, उलट तिच्यामुळेच सगळा एसपीएफ मोडला होता. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये माझ्या डोमेनचं डीकेआयएम चालू केलं, त्यांनी दिलेल्या दोन सीनेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) टाकल्या, तो इन्क्लूड काढला. पुढच्या अहवालांत ती ओळ पास.

डीमार्कची पॉलिसी तीन महिने 'नन'वर (काही करू नका) ठेवली, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), आता 'रिजेक्ट' (घेऊच नका). घाई करू नका, पण 'नन'वरच थांबूही नका. 'नन'वर असताना माझ्या नावाने अनोळखी आयपीवरून मेल जाताना दिसायच्या आणि त्या अडवायला मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मेल फॉरवर्ड झाली की एसपीएफ बहुधा मोडतं, तिथे डीकेआयएम तारून नेतं. म्हणून दोन्ही पास होत असल्याशिवाय 'रिजेक्ट' लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं करूनही इनबॉक्सची खात्री मिळत नाही. तिन्ही पास झाले म्हणजे मेल कुणाची ते कळलं. ती हवी आहे की नाही, हे वाचणारे ठरवतात. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने जीमेल खात्यांना रोज 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा, 0.3 पर्यंत जाऊच देऊ नका, असं सांगितलं. माझ्या मेल त्या मानाने किरकोळ, पण वर्षातून चार वेळा पाठवते त्या पत्रकाची यादी मी चाळून काढली. परत आलेले पत्ते गेले, वर्षानुवर्षं उत्तर न देणारे गेले, नकोसं झालेल्यांसाठी एका क्लिकचं अनसबस्क्राइब आलं. यादी निम्म्यावर आली, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

जुन्या क्लायंटकडे आता मेल इनबॉक्समध्ये पडतात. नव्या कंपनीला पहिलं कोटेशन गेलं की अजूनही फोन करून विचारते. आठ महिन्यांत दोनदा ते स्पॅममध्येच सापडलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते तिथून बाहेर काढून उत्तर दिल्यावर पुढच्या मेल सरळ पोचल्या.