एलटीओ-६ टेप ड्राइव्ह, चौदा महिन्यांनंतर: केशरी दिवा आणि ७६ रुपये

एलटीओ-६ म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा चुंबकीय टेपच्या कॅसेटवर साठवणारा ड्राइव्ह. गेल्या आठवड्यात माझ्या ड्राइव्हवरचा साफसफाईचा केशरी दिवा लागला. तब्बल पाच महिन्यांनी लागला, त्या आनंदात हे लिहायला घेतलं. त्याआधीच्या नऊ महिन्यांत तो एकोणीस वेळा लागला होता. प्रत्येक वेळची तारीख माझ्या वहीत आहे आणि तारखेपुढे खर्चही आहे: ७६ रुपये.

हा आकडा कुठून आला ते सांगतो. टेप वाचणारं-लिहिणारं हेड साफ करायची कॅसेट मला ३,८०० ला पडली. ती पन्नास वेळा चालते. किती वेळा वापरली याची मोजणी कॅसेटमधल्या चिपमध्येच असते. पन्नास झाल्या की ड्राइव्ह ती घेतच नाही, बाहेर ढकलतो. म्हणजे एका पुसण्याला ७६ रुपये. पूर्वी व्हीएचएसचं हेड आम्ही स्पिरिटचा थेंब आणि कोरा कागद यावर साफ करायचो, खर्च शून्य. इथेही झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता. भाचा ओरडला, "मामा, हात लावू नका, हेड गेलं तर ड्राइव्ह गेला!" ठेवला खाली.

माझा सांगलीत लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा स्टुडिओतल्या खालच्या दोन फळ्या पाण्यात होत्या. चौदा हार्ड डिस्क. मुंबईत एका ठिकाणी रिकव्हरीचा भाव विचारला, आकडा ऐकून फोन ठेवला. त्यानंतर सगळं दोन-दोन डिस्कवर ठेवायला लागलो, पण कपाटात पडून असलेली डिस्क दोन वर्षांनी फिरेलच याची खात्री नाही, हे दोनदा अनुभवलं. क्लाउडचं म्हणाल तर एका लग्नाचं कच्चं फुटेज दोनशे-अडीचशे जीबी, आणि आमच्या गल्लीतलं इंटरनेट वर चढवताना बैलगाडी आहे.

टेपचा मुख्य फायदा म्हणजे ती कशालाच जोडलेली नसते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्याच एका सॉफ्टवेअरच्या चुकीने काही लोकांची जीमेल खाती रिकामी झाली होती. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींनाही तोच झटका बसला आणि शेवटी मेल परत आणले ते टेपवरून. एवढ्या मोठ्या कंपनीला जे लागतं ते मला का नको, असं बायकोला पटवलं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ३४ हजारांना जुना एलटीओ-६ एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतला, वर तो कॉम्प्युटरला जोडायचं सॅस कार्ड आणि केबल साडेचार हजार. ड्राइव्ह कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे वाचलंत की कळेल. पुढच्या पिढीचा एलटीओ-७ तिप्पट महाग होता, तो विषय तिथेच संपला.

खोक्यावर छापलेल्या ६.२५ टीबीबद्दल एकदाच बोलतो. टेपमध्ये मावतात २.५ टीबी. बाकीचं ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनच्या भरवशावर. आपला व्हिडिओ कॅमेऱ्यातूनच पिळून आलेला असतो, त्यातून आणखी थेंब निघत नाही. माझ्या पहिल्या टेपवर २.५ च्या वर एकही लग्न चढलं नाही. तांदळाच्या पोत्यावर शिजलेल्या भाताचं वजन छापावं तसा हा प्रकार आहे. असो.

पहिला महिना मी शब्दशः हवेत होतो. लिनक्सवर टारने, म्हणजे फाइली एकामागे एक टेपवर लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने सरळ लिहायचं, एलटीएफएसच्या भानगडीत पडायचं नाही, हे भाच्याने ठरवून दिलं. एलटीएफएसमध्ये टेप पेन ड्राइव्हसारखी दिसते म्हणून लोक भाळतात, पण त्यात फाइल खोडली तरी जागा मोकळी होत नाही. टारमध्ये निदान असले भ्रम नसतात. माझी मात्र एक चूक झालीच. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची नावं दोन असतात, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. दुसऱ्यातल्या 'एन'चा अर्थ टेप आपोआप मागे गुंडाळू नकोस. मी तो 'एन' विसरलो, त्यामुळे पहिलं लग्न लिहून झाल्यावर टेप गुपचूप सुरुवातीला गेली आणि दुसरं लग्न पहिल्याच्या डोक्यावर बसलं. पहिल्याची डिस्क अजून पुसली नव्हती म्हणून वाचलो. आता मॉनिटरच्या कडेला मार्करने मोठा 'एन' लिहिला आहे.

फेब्रुवारीत दिवा लागायला सुरुवात झाली. आधी पंधरा दिवसांनी, मग आठवड्याने. साफ करा, लिहा, पुन्हा दिवा. पहिला संशय माझ्याच घाईवर आला. मी यूएसबी डिस्कवरून थेट टेपवर फोटो लिहीत होतो, आणि हजारो छोट्या फाइली असल्या की त्या डिस्कचा वेग पंचवीस-तीस एमबीच्या वर जात नाही. एलटीओ-६ पूर्ण वेगात सेकंदाला १६० एमबी घेतो. वेग कमी करूनही तो साधारण चाळीस-पन्नासच्या खाली उतरू शकत नाही. डेटा संपला की टेप थांबते, पण लगेच थांबता येत नाही म्हणून पुढे जाते, मग मागे येते, पुन्हा वेग घेते. एसटी थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहावी, रिव्हर्स घ्यावी, आणि हे दर दहा सेकंदांनी व्हावं. आवाज ऐकून पोटात गोळा येतो. हेडही झिजतं, टेपही झिजते.

उपाय सोपा निघाला. आधी सगळं एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर घ्यायचं, तिथून एमबफर नावाच्या प्रोग्रॅममधून ड्राइव्हला द्यायचं, म्हणजे चार-सहा जीबी मेमरीत साठल्याशिवाय टेप हलतच नाही. त्या दिवसापासून ड्राइव्हचा आवाज एकसुरी झाला, पिठाच्या गिरणीसारखा. अख्खी टेप साडेचार तासांत भरते. या टप्प्यावर मी ड्राइव्हला दहापैकी नऊ दिले असते.

दिवा मात्र लागतच राहिला.

मग सर्व्हिस सेंटर. पुण्यातलं एक. १,७७० रुपये तपासणी शुल्क जीएसटीसह आगाऊ भरले. त्यांच्या माणसाने फोनवर फोटो मागवले. पंख्याच्या जाळीचा फोटो पाठवला आणि तिथेच माझी केस फसली, कारण जाळीवर पिवळा थर होता. स्टुडिओ मार्केट यार्डापासून फार लांब नाही आणि फेब्रुवारी ते मे हा आमच्याकडे नव्या हळदीचा हंगाम. हवेत, चहात, शर्टाच्या कॉलरवर हळद असते. पाहुण्यांना ते कौतुकाचं वाटतं. त्या माणसाला नाही वाटलं. "साहेब, ही धूळ आत गेली आहे, हेड गेलं. ड्राइव्ह बदलून घ्या, बेचाळीस हजार." मी म्हटलं, लॉग, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची नोंद बघितली का? म्हणे लॉगची गरज नाही, फोटो पुरेसा आहे. फोटो मीही काढतो, तीस वर्षं काढतो. फोटो बघून नवरा-नवरीचं पटेल की नाही हे मी कधी सांगितलं नाही. तीन फोन, दोन मेल, एक भांडण, आणि १,७७० परत मिळाले नाहीत.

पण हळदीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. जाळी ब्रशने साफ केली. खिडकीला जाळीचं कापड लावलं. एवढ्यावर भागेना म्हणून आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा शिवून ड्राइव्हला अभ्रा केला. मे महिना. तिसऱ्या दिवशी तापमानाचा इशारा आला आणि लिहिणं मध्येच थांबलं. बायको म्हणाली, "अहो, माणसालासुद्धा मे महिन्यात कुणी असं पांघरूण घालत नाही." पंखा हवा आत ओढतो म्हणूनच ड्राइव्ह जगतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. ७६ रुपये डोळ्यांपुढे होते.

जून गेला, पाऊस आला. यार्डातली हळद ओसरली, हवा धुऊन निघाली. जुलैत दिवा चार वेळा लागला. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हळद बिचारी निर्दोष असावी.

गणपतीला भाचा आला होता. त्याने ड्राइव्हकडे बघितलंच नाही, वही मागितली. मी खर्चासाठी तारखा लिहिल्या होत्या आणि सवयीने शेजारी त्या दिवशी आत असलेल्या टेपचा नंबरही लिहिला होता. त्याने बोट फिरवलं. एकोणीसपैकी पंधरा वेळा चार नंबर किंवा नऊ नंबर.

आता इथे मला कबूल करावं लागतंय. एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-५ च्या टेपवर लिहूही शकतो, आणि नव्या एलटीओ-६ टेपला बावीसशे पडत होते. म्हणून जानेवारीत मी भंगारवाल्याकडून वापरलेल्या एलटीओ-५ टेप घेतल्या होत्या, दहाच्या दहा पंधराशेत. दीड टीबीची टेप दीडशे रुपयांना! मित्रांना फोन करून सांगितलं होतं. त्यातल्या दोन टेप ड्राइव्हने त्याच दिवशी बाहेर फेकल्या. चौकशी केल्यावर कळलं की कुठल्या तरी ऑफिसने टाकून देताना त्या डिगॉस केल्या होत्या, म्हणजे जबरदस्त चुंबकाने पुसल्या. ऑडिओ कॅसेट अशी पुसली तर नवी होते. एलटीओमध्ये हेडला वाट दाखवणाऱ्या सर्वो पट्ट्या कारखान्यातच लिहिलेल्या असतात, त्या पुसल्या गेल्या की टेप कायमची आंधळी. कुठलाही ड्राइव्ह त्या पुन्हा लिहू शकत नाही. त्या दोन मी चहाच्या कपाखाली ठेवायला वापरतो.

उरलेल्या आठांतल्या चार आणि नऊ नंबरच्या टेप हे खरे गुन्हेगार. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भाच्याने ते लावून कॅसेटच्या चिपमधला इतिहास काढला. या चिपमध्ये टेपचं अख्खं आयुष्य नोंदलेलं असतं, किती वेळा चढवली, किती डेटा लिहिला. दोन्ही टेप कुठेतरी वर्षानुवर्षं रोज रात्री राबल्या होत्या. झिजलेल्या टेपची भुकटी हेडवर बसायची, मी ७६ रुपये खर्चून ती पुसायचो आणि पुढच्या आठवड्यात तीच टेप पुन्हा आत घालायचो. मॅन्युअलमध्येही आहे हे: साफ केल्यावर ठरावीक टेप घातली की दिवा परत लागत असेल, तर संशय त्या टेपवर घ्या. मॅन्युअल माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. सर्व्हिसवाल्यांकडेही असणारच, त्यांनी ते वाचलं असतं तर माझे बेचाळीस हजार त्यांना कसे मिळाले असते.

एकोणीस गुणिले ७६ म्हणजे १,४४४ रुपये. अधिक १,७७०. दीडशे रुपयांच्या दोन टेप मला पडल्या साडेतीन हजारांना. बायकोला हा हिशेब अजून सांगितलेला नाही.

ऑक्टोबरात त्या दोन्हींवरची लग्नं नव्या टेपवर उतरवली, सगळी उतरली, तेवढं नशीब. बाकीच्या सहा जुन्या टेप चालू आहेत, पण त्यांच्यावर फक्त दुसरी प्रत. पहिली प्रत नव्या एलटीओ-६ वर, आणि ती विट्याला सासुरवाडीत असते. विट्याची हवा कोरडी आहे आणि तिथे कृष्णा येत नाही. आतल्या कोठीच्या खोलीत, खोक्यात, टेप उभ्या ठेवलेल्या. नेताना एकच पथ्य, कॅसेट हातातून पडू द्यायची नाही. पडली तर टेपच्या टोकाची पिन सरकते आणि ड्राइव्हला ती पकडता येत नाही. आणि आणल्यावर लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही, विशेषतः पावसाळ्यात. एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्यायची.

यंदाच्या फेब्रुवारीत पहिल्यांदा खरं काम पडलं. २०२१ च्या, कोविडमधल्या पन्नास माणसांच्या एका लग्नाचं पूर्ण फुटेज हवं होतं. नवरीचे वडील आता नाहीत, त्यांचं बोलणं जेवढं असेल तेवढं सगळं द्या म्हणाले. विट्याहून टेप आणली, रात्रभर ठेवली, सकाळी चढवली. टेप पुढे पळत जागेवर पोचायला मिनिटभर, आणि ३८ जीबी चार-पाच मिनिटांत. चहा गाळून होईपर्यंत वडील पडद्यावर मास्क हनुवटीखाली ओढून कुणाला तरी "जेवून जा" म्हणत होते. पैसे घेतले नाहीत मी.

तर गेल्या आठवड्यातला दिवा. सतरा नंबरची टेप, कोरी, चांगली. पाच महिन्यांत एकदा म्हणजे रीतसर आहे. दिवा लागल्याशिवाय साफ करू नका, ती कॅसेट स्वतःच थोडी खरखरीत असते, उगाच रोज घासाल तर हेड झिजेल. दिवा लागला की मात्र टाळू नका. मी घातली, चार मिनिटांत बाहेर आली. कॅसेटमध्ये तीस वेळा शिल्लक.

चार आणि नऊ नंबर टाकून देववत नव्हत्या. विट्याच्या मेहुण्याने नेल्या. यंदा जानेवारीत शाळू हुरड्यात आला तेव्हा त्याने नऊ नंबरची कॅसेट फोडून पट्टी रानावर आडवी-उभी ताणली, वाऱ्यावर भणभणते आणि पाखरं उठतात म्हणतो. एका कॅसेटमध्ये ८४६ मीटर असते. दोन एकरांना निम्मीही लागली नाही, चार नंबर त्याने पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे.