मडगाव ते पोळे: भाड्याची टूरिंग सायकल आणि दक्षिणेचा किनारा

गोव्यात भाड्याने सायकल देणारी दुकाने आता पुष्कळ आहेत, पण बहुतेकांकडे समुद्रावर तासभर फिरण्यापुरत्या सायकली असतात. सामान लावून लांब नेता येईल अशी टूरिंग सायकल, सोबत छापील नकाशा आणि शेवटच्या टोकाहून माणूस व सायकल परत आणायला टेम्पो, हे सगळे एकाच ठिकाणी देणारे दुकान मडगावात आहे, असे बँकेतल्या एका सहकारी बाईंकडून कळले. मी फोंड्याची. सायकल माझ्या रोजच्या वापरातली, पण ती सपाट रस्त्याची, तीन गियरची. तिच्यावर काणकोण या गोव्याच्या दक्षिण टोकाच्या तालुक्यातले चढ जमणारे नव्हते. म्हणून जानेवारीत सुट्टी काढून यांची सायकल घेतली आणि मडगावहून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट कर्नाटकच्या सीमेवरच्या पोळ्यापर्यंत गेले. मध्ये मुक्काम आगोंदला.

आधी सायकलबद्दल. पोलादी फ्रेम, मागे मजबूत कॅरिअर, त्याला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या बॅगा, टायर 38 मिलिमीटरचे. दुकानातल्या मुलाने माझी उंची मोजून सीट लावली, मला समोरच्या गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि परत आल्यावर सीट बोटभर खाली घेतली. एवढे लक्ष देणारा माणूस भेटला की पुढचा रस्ता अर्धा सोपा होतो. पण या सायकलीचा खरा गुण तिच्या गियरमध्ये आहे. पुढच्या सगळ्यात लहान चक्रीला 28 दाते, मागच्या सगळ्यात मोठीला 34. म्हणजे पेडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी मागचे चाक एका फेऱ्यालाही कमीच फिरते. वेग अगदी मंद, पण भरल्या बॅगांसकट बसल्या बसल्या चढता येते. या मार्गावर जायचे तर सायकल घेताना रंग आणि कंपनी नंतर बघा, हे दाते आधी मोजा.

नकाशाला मी पूर्ण गुण देते. मडगावहून काणकोण महामार्गाने 40 किलोमीटरच्या आत आहे आणि सरळ जाणारा कोणीही त्याच रस्त्याने जाईल. यांचा नकाशा महामार्गाला पाठ दाखवून आधी पश्चिमेला कोलव्याला नेतो, तिथून बाणावली, वार्का, केळशी. सासष्टी तालुक्याचा हा पट्टा तळहातासारखा सपाट आहे. दोन्ही बाजूंना वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, हिरवी शेते, मध्येच पांढरी इगर्ज (चर्च), माडांच्या सावलीतली जुनी घरे. सकाळी साडेसहाला निघाले तर वार्क्याच्या आधी पोदेर, म्हणजे पाववाला, गाठ पडला. मागे भली मोठी टोपली, वर निळे प्लास्टिक, हँडलला रबरी पोंपों भोंगा. त्याच्या सायकलीला गियर नाही, साधा ब्रेक, आणि टोपलीत वाड्याचा सकाळचा पाव. उतरताना तो सायकल पायाला टेकवून तोलतो आणि एका हाताने पोई, म्हणजे कोंड्याचे गोल पाव, मोजून देतो. दोन पोई मी घेतल्या, गरम होत्या, भुशाचा वास होता. लांबच्या सायकलप्रवासाचा न्याहारीचा प्रश्न गोव्यात असा दारात सुटतो.

केळशीला रस्ता साळ नदीपाशी येतो आणि नकाशा फेरीबोटीत चढायला सांगतो. पलीकडे असोळणा. सायकलीचे पैसे पडले नाहीत. खलाशाने बॅगा बघून सायकल कठड्याच्या बाजूला लावायला जागा करून दिली. पुलावरून वळसा घालून येता येते, पण नदी बोटीने ओलांडण्यात पाय मोकळे होतात आणि पाणी भरून घेता येते. असोळण्याला थोडे थांबावे. 1583 साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी धर्मांतराला विरोध केला, जेझुइट पाद्री मारले गेले, आणि मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. एकजण नदीत उडी टाकून सुटला असे परंपरेने सांगतात. आम्ही शाळेत हे चार ओळींत शिकलो. त्याच नदीच्या काठाने सायकल चालवताना त्या चार ओळी फार कमी वाटतात.

पुढे कुटबण आणि बेतूल. ट्रॉलर, बर्फाचे ट्रक, सुक्या मासळीचा वास. शिनाण्यांसाठी (काळपट-हिरव्या शिंपल्यांसाठी) बेतूलचे नाव आहे आणि ती जेवणात मिळाली तर सोडू नयेत. मात्र पोटभर जेवू नका, कारण बेतूल सोडले की सपाट गोवा संपतो. रस्ता एकदम सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, चढतो. चिऱ्याचा काळपट लाल दगड, जानेवारीत वाळून पिवळे पडलेले गवत, मध्ये मध्ये मोहरलेल्या काजूच्या काजी, आणि सावली नावालासुद्धा नाही. इथे तो 28 आणि 34 चा हिशोब कामाला आला. एका चढावर पुढचे चाक उचलल्यासारखे झाले, तेव्हा मागच्या बॅगेतले पाण्याचे कॅन काढून हँडलच्या पिशवीत घातले आणि सायकल सुतासारखी सरळ झाली. वजन पुढे-मागे वाटून भरा, हे दुकानात कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

आणि हा मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडेच करावा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरून हलका वारा समुद्राकडे असतो, दुपारी उलटतो आणि वायव्येकडून जोरात येतो. दक्षिणेला तोंड असले तर दुपारचा हा वारा पाठीमागून मिळतो. पोळ्याहून मडगावला येणाऱ्यांना सड्यावर ऊन, चढ आणि समोरचा वारा तिन्ही एकदम भेटतात. दुकान दोन्ही दिशांनी सहल देते आणि दोन्हींचे भाडे एकच घेते. दक्षिणेकडे जाणारीच मागा.

खोल गावात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि नकाशाने त्यासाठी वेळच ठेवलेला नाही, ही माझी पहिली तक्रार. काब द रामचा किल्ला तासाभरात बघून होतो: 1763 मध्ये तो सौंध्याच्या राजाकडून पोर्तुगिजांकडे गेला, आत सांत आंतोनियोची पांढरी इगर्ज आहे, खंदक आहे, आणि कड्यावरून दक्षिणेचा सगळा किनारा दिसतो. पण खोलची मिरची बघायला तास पुरत नाही. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची, भौगोलिक मानांकन मिळालेली, रंगाला गर्द आणि तिखटाला बेताची. रस्त्याकडेच्या एका अंगणात उरलेली मिरची चटईवर पसरली होती. एक वयस्क बाई बसून देठ तपासत होती: हिरवट देठाची एका बाजूला, डाग पडलेली दुसऱ्या, आणि चांगली मिरची कानाशी हलवून बिया वाजतात का ते ऐकत होती. वाजली तर वाळली. मला बघून म्हणाली, "बाय, इतल्या वोतांत खंय वता गो?" (एवढ्या उन्हात कुठे जातेस गं?) पोळ्याला म्हटल्यावर तिने आतून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला. मावशीकडून अर्धा किलो मिरची घेतली. वर्षभराच्या आमटीला आणि लोणच्याला हीच पुरणार. बाजारात या नावाने दुसरी मिरची खपवतात, म्हणून जमेल त्याने गावातूनच घ्यावी.

खोलहून आगोंदचा उतार वळणावळणाचा आहे. डिस्क ब्रेक उत्तम, आवाजसुद्धा नाही. आगोंदला समुद्रावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि वनखाते घरट्यांभोवती जाळी लावते. सायकल वाळूवर नेऊ नये, रात्री समुद्राकडे टॉर्च मारू नये. दुकानाच्या पत्रकात हे ठळक छापले आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

दुसरी तक्रार मोठी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आगोंद आणि पाळोळ्याच्या मधल्या चढावर मागचे चाक बसले. बारीक काटा होता. सोबत दिलेली ट्यूब बारीक नळीच्या व्हॉल्व्हची आणि दिलेला पंप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा, एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. चाक हातात घेऊन उतरत पाळोळ्याला आले. गॅरेजवाल्या दादाने जुन्याच ट्यूबला ठिगळ लावले आणि त्यालाही हवा भरायला जोडणीचा तुकडा शोधावा लागला. बेतूल ते आगोंद या टप्प्यात पंक्चर काढणारे दुकान सहजी मिळत नाही, तिथे हे घडले असते तर दिवस गेला असता. दुकानाला फोन केला तेव्हा माफी मागितली आणि ठिगळाचे पैसे परत दिले, पण खरा उपाय वेगळा आहे: भाड्याच्या सगळ्या सायकलींना मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या ट्यूब घालाव्यात. गावोगावच्या गॅरेजात मग हवा मिळेल. तोवर तुम्ही निघण्याआधी पंप ट्यूबला लावून बघा.

चावडी या काणकोणच्या मुख्य गावापासून पुढे नकाशा महामार्ग धरतो. 2019 मध्ये झालेला काणकोणचा वळणरस्ता (बायपास) रुंद आणि गुळगुळीत आहे, पूल देखणे आहेत, पण ट्रक अंगावरून जातात आणि समुद्र दिसत नाही. मी तो सोडून गालजीबागेला उतरले. सुरूच्या बनातून जाणारा अरुंद रस्ता, इथेही कासवांचा किनारा, खाडीकाठी तिसऱ्या काढणाऱ्या बायका. दुकानाने हा फाटा नकाशात घालायलाच हवा. पुन्हा महामार्गाला लागून पैंगीण आणि लोलये, दोन्ही वेताळाची गावे. लोलयेच्या चढावर पाय बोलायला लागतात, मग पोळ्यापर्यंत उतारच. चेकनाक्याच्या अलीकडे उजवीकडे समुद्राची वाट आहे, पलीकडे कारवार.

टेम्पो ठरल्या वेळी, चार वाजता, उभा होता. चालकाने सायकली घोंगडी घालून बांधल्या. भाडे दिवसाला 900 रुपये, टेम्पोचे वेगळे, अनामत परत त्याच संध्याकाळी. पाचपैकी चार गुण. एक गुण व्हॉल्व्हचा कापला.

नोंदणी करताना सांगा की खोलला अर्धा दिवस हवा, म्हणजे टेम्पो संध्याकाळी सहाला मागता येतो. मी विचारले तेव्हा ते तयार होते. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा टाळा, कोलवा ते केळशी रस्त्यावर गाड्यांतून सायकल काढणे धोक्याचे होते. उत्तरेचा मार्ग, शिवोली, मोरजी, हरमल, केरी आणि फेरीने तेरेखोल, हे दुकान अजून देत नाही. पेडण्याच्या बाजूला सायकली ठेवायला जागा शोधत आहोत असे मालकांनी सांगितले. त्या बाजूला कोणाची सुरक्षित, कुलपाची जागा असेल तर त्यांना जरूर कळवा.