स्किनच्या ऑर्डरबरोबर आलेली झिप फाईल

तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कुणी पोर माईनक्राफ्टचे स्किन बनवत असेल, तर हे नीट वाचा. अनोळखी माणूस तुमच्या कामाचं कौतुक करत येतो, मोठी ऑर्डर देतो, थोडा ॲडव्हान्सही टाकतो आणि मग 'रेफरन्स' म्हणून एक झिप फाईल, म्हणजे बऱ्याच फाईलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, पाठवतो. ती उघडली की तुमची खाती त्याच्या ताब्यात जातात. माझी गेली. माझ्या नावानं माझ्याच विद्यार्थ्यांकडे पैसे मागितले गेले, आणि एका घरातले पैसे गेलेसुद्धा. आता हाच प्रकार पारोळा आणि धुळ्याकडच्या मुलांशी सुरू झाल्याचं कानावर आलं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हा छंद काय आहे ते सांगते, कारण फसवणारा माणूस नेमका याच्याच आधारानं आत शिरला.

माईनक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं आपलं पात्र म्हणजे ठोकळ्यांचा माणूस. त्याचा चेहरा, केस, कपडे हे सगळं एकाच छोट्या चित्रात असतं, ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या. त्या चित्रालाच स्किन म्हणतात. पुठ्ठ्याचं खोकं उलगडून सपाट पसरावं तशा डोकं, धड, हात, पाय यांच्या सगळ्या बाजू त्या चित्रात मांडलेल्या असतात. चेहऱ्याला मिळतात ८ बाय ८, म्हणजे अवघे ६४ ठिपके. छातीला ८ बाय १२. हात चार ठिपके रुंद, बारीक बांध्याचं पात्र असेल तर तीन. वरून आणखी एक थर देता येतो, तो अंगापासून जरा सुटा दिसतो, म्हणून टोपी, पदर, उपरणं त्यावर काढायचं. २०१४ च्या आधी चित्र ६४ बाय ३२ चं असायचं आणि डावा हात उजव्याचीच उलटी नक्कल असायचा. एकाच हातात कडं दाखवायचं म्हटलं तर जमायचं नाही. आता जमतं.

मी अमळनेरला चित्रकलेचे वर्ग घेते. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा मुलं कॉम्प्युटरपुढे असतात. त्यांनीच मला याची गोडी लावली. इतक्या कमी ठिपक्यांत माणूस ओळखू आला पाहिजे, ही अट चित्रकाराला फार शिकवते. मी केळीच्या बागेतला मजूर केला. रावेर-यावलकडे ज्यानं केळीचे घड वाहणारी माणसं पाहिली आहेत, त्याला त्यांच्या कपड्यांवरचे चिकाचे डाग माहीत आहेत. ते धुतले तरी जात नाहीत, दिवसेंदिवस काळपट होत जातात. ते डाग चार तपकिरी छटांत बसवताना मी अनेक संध्याकाळी घालवल्या. मग काठीच्या होळीतला बावा केला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे अंगभर राख आणि पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे लगेच उभे राहतील. टोपी वरच्या थरात घेतली. ठिपक्यांचं चित्र असल्यामुळे अंगावरचे पांढरे ठिपके मात्र जणू त्याच्यासाठीच असावेत असे बसले. माझ्या सगळ्या कामात मला तो स्किन सर्वांत प्रिय आहे.

हे स्किन मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या आमच्या छोट्या ग्रुपात टाकत असे. वर्गातली मोठी मुलं, काही जुने विद्यार्थी, चोपड्याचे दोन-तीन जण. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे खातं काढता येत नाही, म्हणून लहान मुलं नव्हती.

तिथूनच तो माणूस आला. हिंदीत बोलायचा, मधूनमधून इंग्रजी. स्वतःचा मोठा सर्व्हर, म्हणजे अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळायची जागा, आहे म्हणाला. त्यानं बावाचा स्किन इतका बारकाईनं पाहिला होता की मला खरंच आनंद झाला. टोपीचा निळा रंग मागच्या बाजूला गडद का केला, हात चारचा का ठेवला, तीनचा का नाही, असे प्रश्न विचारायचा. फसवणाऱ्याला विषय कळत नसतो असं कुणी समजू नये. याला कळत होता, किंवा त्यानं तेवढा अभ्यास करून ठेवला होता.

चार-पाच दिवस नुसत्या गप्पा झाल्या. मग त्यानं प्रस्ताव मांडला. सातपुड्यातल्या होळीवर वीस स्किनचा संच हवा, तो माईनक्राफ्टच्या मार्केटप्लेसवर विकू, तुमचं नाव देऊ. मार्केटप्लेस खरंच आहे, २०१७ पासून चालू आहे, आणि तिथे स्किनचे संच विकतही मिळतात. पण तिथे विकायला कंपनीची रीतसर पार्टनर म्हणून मान्यता लागते आणि त्यासाठीचा अर्ज त्यांच्या अधिकृत साइटवरूनच जातो. 'मी पार्टनर आहे' असं चॅटमध्ये कुणीही लिहू शकतो. यानंही लिहिलं आणि सोबत एक प्रमाणपत्राचं चित्र पाठवलं.

लगेच पाचशे रुपये ॲडव्हान्स आला. यूपीआयनं, खरोखर खात्यात जमा. या पाचशे रुपयांबद्दल पुढे सायबर पोलीस ठाण्यात जे कळलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. असे पैसे बरेचदा आधी फसवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यातून फिरून आलेले असतात. त्या आधी फसलेल्या माणसानं तक्रार केली की पैसे जिथे जिथे गेले ती खाती गोठवली जातात, आणि त्या यादीत आपलं खातंही येऊ शकतं. मी माझ्या तक्रारीत ते पाचशे रुपये आपण होऊन लिहून दिले. तुमच्याकडे असे पैसे आले असतील तर तुम्हीही लिहून द्या.

ॲडव्हान्सनंतर झिप आली. 'होळीचे फोटो आणि आमच्या सर्व्हरचे नमुने आहेत, पासवर्ड एक-दोन-तीन-चार.' इथे थांबून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, आकार. स्किनची फाईल दोन-चार केबीची असते. बऱ्यापैकी फोटो धरले तरी झिप काही एमबीची होईल. ही कित्येकशे एमबीची होती. अशा फाईलमध्ये मुद्दाम भर घालून ती फुगवतात, कारण फाईल फार मोठी असली तर व्हायरस तपासणारी बरीच साधनं ती सोडून देतात. दोन, पासवर्ड. फोटोंना कुलूप कशाला लागतं? कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला पाहता येत नाही, एवढ्यासाठीच ते असतं.

आत बरेच खरे फोटो होते. त्यांच्यात एक फाईल होती, नाव 'होळी रेफरन्स डॉट पीएनजी', चिन्ह चित्राचं. प्रत्यक्षात तिचं नाव 'होळी रेफरन्स डॉट पीएनजी डॉट एससीआर' असं होतं. पीएनजी म्हणजे चित्राची फाईल. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हरची फाईल, आणि ती चालते प्रोग्रामसारखी. विंडोज ओळखीच्या फाईलचं शेवटचं शेपूट आपण सांगितल्याशिवाय दाखवत नाही, त्यामुळे डोळ्यांना फक्त पीएनजी दिसतं. आजच फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मुलांच्या कॉम्प्युटरवरही करा. शेवटी एससीआर, ईएक्सई, बॅट किंवा जेएस दिसलं तर ते चित्र नाही.

फाईल उघडल्यावर क्षणभर काळी खिडकी चमकली आणि 'फाईल खराब आहे' असा संदेश आला. त्याला विचारलं तर म्हणाला, बरोबर आहे, उद्या दुसरी पाठवतो. बस, इतकंच. ना कुठला पासवर्ड मागितला, ना ओटीपी आला.

रात्री चोपड्याच्या मुलाचा फोन आला. घाबरला की तो सरळ अहिराणीवर येतो. "ताई, तुना अकाउंटवरथीन कोन्ही तरी पैसा मांगी ऱ्हायना. तूच शे का?" माझ्या नावानं सगळ्या मुलांना मेसेज गेले होते. भाषा माझी होती. मी जुन्या मेसेजमध्ये मुलांना 'बाळांनो' म्हणते, तेही उचललं होतं. वर्गासाठी ग्राफिक टॅब घेते आहे, दोन हजार कमी पडताहेत, आठ दिवसांत परत देते, आणि खाली क्यूआर कोड. या मुलानं विचारलं. दुसऱ्या एकानं आईच्या फोनवरून पाठवून दिले. ताईला गरज आहे म्हटल्यावर त्या माउलीनं विचारही केला नाही.

मला सर्वांत जास्त राग आहे तो याचा. वीस स्किन त्याला कधीच नको होते. मुलांचा माझ्यावर जो विश्वास आहे, तो त्याला वापरायचा होता. वर्ग, ट्यूशन, क्रिकेटचा ग्रुप, असं काहीही जे चालवतात त्यांनी हे मनात धरावं. तुमच्याकडे पैसे नसले तरी तुमचं नाव चोराच्या उपयोगाचं असतं.

आता हे घडतं कसं. ब्राउझरमध्ये आपण एकदा लॉगिन केलं की प्रत्येक वेळी पासवर्ड विचारू नये म्हणून साइट एक छोटी खूण आपल्या कॉम्प्युटरवर ठेवते. त्या प्रोग्रामनं अशा सगळ्या खुणा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेले. ती खूण असली की चोर आपण 'आधीच लॉगिन' असल्यासारखा आत येतो. त्यामुळे ओटीपीचं दुहेरी कुलूप लावलेलं असलं तरी ते विचारलंच जात नाही. आणि माईनक्राफ्टची खाती २०२३ पर्यंत मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर हलवली गेली आहेत. म्हणजे खेळाचं खातं गेलं की त्याच्याशी जोडलेली मेल आणि फाईलसुद्धा उघड्या पडतात.

अशा वेळी त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही तिकडेच जाईल. आधी त्याचं इंटरनेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि 'सगळ्या ठिकाणांहून साइन आउट' हा पर्याय वापरा. सर्वांत आधी मेल, मग बँक, मग बाकीचं. कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकून घ्या. माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरचा फोन नंबर आणि पर्यायी मेल काढून टाकायची विनंती चोरानं केलेली होती. पण जुनी माहिती हाताशी नसताना ती सगळी बदलायची तर तिथे ३० दिवस थांबावं लागतं, आणि मूळ मालकाला तशी सूचना जाते. ती सूचना माझ्या फोनवर आली, मी विनंती रद्द केली आणि ते खातं वाचलं. अशी सूचना जाहिरात समजून पुसू नका.

पैशांसाठी लगेच १९३० वर फोन केला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे, तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही करता येते. पैसे पुढे काढून नेलेले नसतील तर ते ज्या खात्यात गेले तिथे रोखून धरता येतात, म्हणून तासाभराचा उशीरही महागात पडतो. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट तयार ठेवा. ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, नंतर ते मिळत नाहीत. त्या घरचे दोन हजार अजून परत आलेले नाहीत, प्रक्रिया चालू आहे.

याच्या पुढचा प्रकार तर अगदी निर्दय आहे. दोनच दिवसांत त्या मुलाच्या आईला फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला सातशे रुपये फी भरा." तिचे पैसे गेल्याचं त्या चोरांना ठाऊक होतंच, त्यांनीच तर नेले होते. तिनं भरण्याआधी मला विचारलं म्हणून वाचली. मलाही इन्स्टाग्रामवर 'हॅक झालेलं खातं परत मिळवून देतो' म्हणणारे एकामागून एक आले. १९३० वरच्या तक्रारीला कसलीही फी नाही. पैसे परत देण्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक जण दुसऱ्यांदा लुटायला आलेला असतो.

पालकांना एक विनंती. मूल स्किन बनवत असेल तर ते बंद करू नका. हे खरं चित्रकलेचं काम आहे, त्यातून रंग, छटा, प्रमाण सगळं शिकायला मिळतं. फक्त यूपीआयचा पिन त्याला माहीत नसावा, आणि ऑर्डर आली तर ग्राहकाशी तुम्ही बोला. खऱ्या ग्राहकाला त्याचं काही वाटत नाही. रेफरन्स हवा असेल तर चित्रं चॅटमध्येच एकेक टाकायला सांगा, झिप नको म्हणून सांगा. याच माणसाला पुढे एका धुळ्याच्या मुलानं तसं सांगितलं, तेव्हा तो चिडला, मग ऑर्डर दुसऱ्याला देतो म्हणाला आणि गायब झाला.

माझं डिस्कॉर्डचं जुनं खातं हे लिहीपर्यंत मला परत मिळालेलं नाही. त्यावर बावाचंच चित्र आहे आणि नावही तेच आहे. तिथून तुम्हाला काही आलं, पैशांचं असो, फाईल असो की 'माझ्या स्किनला मत द्या' अशी लिंक असो, तर ते माझं नाही. वर्गातल्या मुलांना आणि पालकांना मी आता फक्त फोन करते. शंका आली तर तुम्हीही करा, रात्री उशीर झाला असला तरी.