२००६ ची स्प्लेंडर प्लस: ऑइल १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०, आणि डिपस्टिकचं काय

घाईत असाल तर एवढंच वाचा. जुन्या स्प्लेंडरला बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा जपानी शिक्का) छापलेलं ऑइलच घाला. बॅरलमधलं सुटं ऑइल कोणी फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा. आणि ऑइल बदलून झालं की गॅरेजमधून निघण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी, स्वतःच्या हाताने काढून बघा. यातलं तिसरं कोणीच करत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

गाडी वडिलांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून घेतलं, कारण इंजिनात दम आहे. रोजचं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोडची एमआयडीसी आणि अधूनमधून तुळजापूर. पिस्टन-रिंगचं काम अजून काढलेलं नाही आणि उगाच काढायचंही नाही.

दिवाळीनंतर नेहमीचं गॅरेज बंद होतं म्हणून दुसरीकडे ऑइल बदललं. पुढच्याच आठवड्यात बायकोला घेऊन तुळजापूरला निघालो. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. घाट लागला आणि तिसऱ्या गियरला इंजिन नुसतं ओरडायला लागलं. रेस वाढते, गाडी वाढत नाही. क्लच घसरतोय हे लगेच कळतं. केबलला फ्री प्ले (लिव्हरची मोकळी ढील) बरोबर होता, तो मी तिथेच तपासला.

परत येऊन त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘काका, क्लच प्लेटा गेल्या. जुनी गाडी आहे, पूर्ण सेट टाकू.’ मी विचारलं, ‘ऑइल कुठलं घातलं होतंस?’ त्याने कोपऱ्यातल्या बॅरलकडे हात केला. ‘चांगलंच आहे की, सगळ्यांना तेच घालतो.’ बॅरलवर ना ग्रेड, ना कसला शिक्का. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. सेटचे पैसे मी दिले नाहीत. आवाज चढला, चार माणसं जमली, शेवटी त्याने हात झटकले. ऑइल बदलायचे पैसे गेले ते गेलेच.

आता बॅरलवर एवढा राग का, ते सांगतो. कारमध्ये क्लच सहसा कोरडा असतो, इंजिनच्या ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. आपल्या गाडीत इंजिन, गियर आणि क्लच प्लेटा सगळे एकाच ऑइलमध्ये बुडालेले. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, म्हणजे पेट्रोल वाचतं. तीच रसायनं आपल्या प्लेटांवर बसली की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. म्हणून १९९८ पासून जपानचं जासो मानक मोटरसायकलच्या ऑइलला वेगळा शिक्का देतं. एमए आणि एमए२ ओल्या क्लचच्या गाड्यांना. एमबी हे कमी घर्षणाचं, ते गियरलेस स्कूटरला. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात, रंगही सारखाच, तेव्हा मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

मी कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३०, एमए२ चं आणलं. आधीचं गरम इंजिनवर पूर्ण काढलं, नवीन घालून थोडे दिवस चालवलं आणि तेही काढून पुन्हा नवीन घातलं. खर्च दोन बाटल्यांचा, दोन्ही मिळून आठशेच्या आसपास. जीवावर आलं होतं, पण क्लच सेट आणि मजुरी वाचली. पुढच्या वेळी घाट तिसऱ्यावर नीट चढला. प्लेटा अजून त्याच आहेत.

हिवाळाभर या ऑइलवर मी खूश होतो. सकाळी सहाला पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चालू, टॅपेटचा टकटक आवाज लगेच शांत, पहिला गियर धक्का न देता पडायचा. आपल्याकडे सगळे म्हणतात की जुन्या इंजिनला जाड ऑइल. पण सोलापूरच्या थंडीत पातळ ऑइल वर वाल्वपर्यंत लवकर पोहोचतं आणि झीज सगळ्यात जास्त होते ती चालू करतानाच. बाटलीवरचा पहिला आकडा थंडीतल्या वहनाचा. १०डब्ल्यू म्हणजे उणे पंचवीसला इंजिन फिरवता येईल असं ऑइल. आपल्याकडे पारा तिथे कशाला जातोय, पण पंधरा-सोळा अंशालाही फरक किकवर कळतो. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. हा दुसरा आकडा आपल्या उन्हाळ्यात खरा कामाला येतो.

इथपर्यंतचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि १०डब्ल्यू-३० ला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. मे महिन्याने मार्क कापले. पारा ४३ च्या पुढे, दुपारी दोनला सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहायचं, एअर-कूल्ड इंजिनला वारा नाही. डिपस्टिकवरची पातळी भराभर खाली यायला लागली. हिवाळ्यात महिनाभर जी हलत नव्हती, ती आठवड्याला उतरायला लागली. खाली एक थेंब नाही, म्हणजे गळती नाही. इंजिन ऑइल पीत होतं. सकाळच्या पहिल्या किकला निळसर धूर यायचा आणि लगेच थांबायचा. हे वाल्व सीलचं लक्षण, रात्रभर ऑइल वाल्वच्या गाइडमधून खाली झिरपतं. रिंगा गेल्या असत्या तर रेस देताना धूर आला असता. सील स्वस्त आहे, पण ते टाकायला हेड खोलावं लागतं, म्हणून काम दसऱ्यानंतरवर टाकलंय.

मे अखेरीला २०डब्ल्यू-४० मिनरल (साधं, सिंथेटिक नव्हे) घातलं, अर्थात एमए शिक्क्याचं. पिणं बरंच कमी झालं. इंजिनचा आवाजही भरीव झाला. किक थोडी जड लागते, पण उन्हाळ्यात तेवढं चालतं. तेव्हा आता माझं मत असं: गाडी नवी किंवा घट्ट असेल तर वर्षभर १०डब्ल्यू-३०, मॅन्युअलप्रमाणे. वीस वर्षं झालेल्या आणि ऑइल पिणाऱ्या गाडीला मार्च ते जून २०डब्ल्यू-४०, बाकी वेळ पातळ. २०डब्ल्यू-५० चा आग्रह लोक करतात, ते मोठ्या इंजिनांना ठीक आहे, या ९७.२ सीसीला त्याची गरज मला कुठे दिसली नाही. सिंथेटिकचे दुप्पट पैसेही मी देणार नाही. आपल्या गियरचे दात ऑइलला गरम झाल्यावरही जाड ठेवणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या चिरत राहतात, ऑइल पातळ होतंच. त्यापेक्षा साधं ऑइल अडीच हजार किलोमीटरला बदललेलं बरं.

आता डिपस्टिक. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी खरी येत नाही आणि गॅरेजमध्ये नव्वद टक्के वेळा गाडी साइड स्टँडवरच असते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत घाला, पण आटे आवळू नका, नुसती टेकवा. आवळून बघितली की काडी खोल जाते, पातळी जास्त दिसते आणि कमी ऑइलवर गाडी पळत राहते. काढल्यावर ओली रेघ दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. मिस्त्री बाटली उपडी करतो आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत धरून ठेवतो, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. मापापेक्षा जास्त ऑइल इंजिनात घुसळून फेसाळतं, दाब वाढतो, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या पेटीत उतरतं आणि सीलमधून वाट काढतं. मग फिल्टर ओला, पिकप कमी, आणि पुन्हा तोच मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर साफ करू. बाटलीत उरलेलं घरी आणा, टॉपअपला लागतंच.

ड्रेन नटचा अॅल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवीन मागून घ्या. किंमत चहाएवढीही नाही. जुनाच बसवला की गळतो, गळतो म्हणून नट जास्त आवळतात आणि केसिंगचे आटे जातात. ते काम हजारात जातं.

या गाडीला कागदी ऑइल फिल्टर नाही, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. उजव्या कव्हरच्या आत एक फिरता रोटर आहे, तो घाण बाहेरच्या बाजूला फेकून आतल्या भिंतीला चिकटवतो, आणि खाली एक जाळी आहे. मी नेहमीच्या मिस्त्रीला समोर बसून तो उघडायला लावला. आत काळा, घट्ट, काजळासारखा गाळ बोटभर बसलेला. बोटांवर चोळला तर बारीक खर लागत होती, क्लच प्लेटांची असावी. डिझेलने धुतलं, जाळी ब्रशने साफ केली, गॅस्केट नवीन टाकलं. ठरावीक अंतराने हे करून घ्यायलाच हवं आणि मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात: एमआयडीसीच्या रस्त्यांवरची धूळ बघता मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यात साफ करतो.

काढलेलं जुनं ऑइल डब्यात साठवून सुट्या ऑइलवाल्याला देतो. ते चेनला लावू नका. त्यात धातूची खर आणि आम्ल असतं, चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही खातं. चेनला ९० नंबरचं गियर ऑइल थोडंसं पुरतं, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा.